माहूरच्या उतारावरील गुरे, तैलरंगात

माहूरगडाच्या पायथ्याशी, जेथे सागाचे रान विरळ होत पैनगंगेच्या खोऱ्याकडे उतरते, तेथील चरणारी गुरे व गुराखी रंगवू इच्छिणाऱ्याने आकाश आणि दूरचे डोंगर प्रथम टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात मांडावेत व जवसाच्या तेलाचा अंश वरच्या थरांतच वाढवीत जावा. कारण तैलरंग हवेतील प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होतो आणि मंदगतीने सुकणाऱ्या तेलकट थरावर लवकर सुकणारा थर चढविल्यास कालांतराने चित्रपृष्ठास तडे जातात. हा नियम मी अनुल्लंघनीय मानतो.

कंधार इलाख्यातील लाल कंधारी जनावर या कामी मला सर्वोत्कृष्ट वाटते, कारण श्रावणातील हिरव्या कुरणावर त्याचा गडद तांबूस वर्ण विलक्षण झळाळतो; इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलनेही १८२१ सालच्या 'द हे वेन' या चित्रात घोड्यांच्या साजावर तांबडा रंग योजून हिरवाईस असाच उठाव दिला आहे. सावलीस निव्वळ काळा न लावता अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएना यांचे मिश्रण जरूर वापरावे. सपाट भूमीवर आपल्याच उंचीच्या माणसाचे डोळे, तो कितीही दूर असो, क्षितिजरेषेवरच येतात; माहूरच्या उतारावर मात्र हा हिशेब लागू पडत नाही, म्हणून तेथे प्रत्यक्ष बसूनच रेखाटने करावीत.

रसिकांनी आपली अशी चित्रे येथे अवश्य दाखवावीत.