ब्राझील, बोंड आणि दहावीचा भूगोल

23 मार्च 2020, सोमवार. दहावीचा शेवटचा पेपर भूगोलाचा होता. इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर शनिवारी कसाबसा उरकला आणि त्याच दिवशी भूगोल पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. एप्रिलमध्ये तो रद्दच झाला. बाकीच्या विषयांची सरासरी काढून गुण दिले गेले. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या पोरांनी वर्षभर ब्राझीलचा नकाशा गिरवला होता आणि जगभर पसरलेल्या साथीनेच तो पेपर खाल्ला. तेव्हा कोणी हळहळल्याचं आठवत नाही. एक पेपर वाचला म्हणून पोरं खूशच होती. पण हायस्कूलमध्ये जग शिकवण्याचे आपल्याकडे जेवढे प्रयत्न झाले, त्यांचा मागोवा घ्यायचा तर त्या न झालेल्या पेपरापासूनच सुरुवात करावी लागते.

2018 साली दहावीची पुस्तकं बदलली. भूगोलाच्या पुस्तकात एक धाडस होतं. नळदुर्ग ते अलिबाग अशी क्षेत्रभेट घडवणारं पहिलं प्रकरण सोडलं, तर सगळं पुस्तक दोन देशांना शेजारी शेजारी बसवून लिहिलेलं: भारत आणि ब्राझील. प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती, लोकसंख्या, वस्ती, व्यवसाय, पर्यटन, वाहतूक, प्रत्येक ठिकाणी आधी हा देश, मग तो. अमेरिका, इंग्लंड, जपान या नेहमीच्या श्रीमंत पाहुण्यांना बाजूला सारून आपल्यासारखाच वसाहत राहिलेला, आपल्यासारखाच शेतीचा आणि विषमतेचा देश निवडला होता. मला ही निवड फार आवडली होती, आजही आवडते.

शाळेत मात्र तिचं काय व्हायचं, ते बघण्यासारखं होतं. पोरं स्टेशनरीच्या दुकानातून ब्राझीलचे कोरे नकाशे गठ्ठ्याने आणत. ॲमेझॉन निळ्या पेन्सिलीने, मुखाशी माराजो बेट, वर पिको द नेब्लिना, मधोमध ब्राझीलिया, खाली साओ पावलो. मग अपेक्षित प्रश्नसंच काढून ‘भौगोलिक कारणे लिहा’ आणि ‘फरक स्पष्ट करा’ यांची घोकंपट्टी. ईशान्य ब्राझीलमधल्या कोरड्या पट्ट्याला पुस्तकात ‘अवर्षण चतुष्कोन’ म्हटलं आहे. तिथे पाऊस का पडत नाही, हे दारव्ह्याचं पोर दोन गुणांसाठी बिनचूक लिहायचं. आपल्या तालुक्यात पाऊस आला तरी कापसाची पऱ्हाटी का साधत नाही, हा प्रश्न कुठल्याच संचात नव्हता.

खरं तर या गावाला जग पुस्तकातून कळायची गरजच नव्हती. ते केव्हाच शिवारात येऊन बसलं होतं. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आलं, आणि त्यांचा डोळा इथल्या कापसावर होता. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस मँचेस्टरला पोचेनासा झाला आणि वऱ्हाडातल्या बोंडाला कधी नव्हे असा भाव आला. 1865 मध्ये युद्ध संपलं, भावही कोसळला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी सुमारे 113 किलोमीटरची अरुंद रूळमार्गाची गाडी निघाली, ती कापूस बंदराकडे पोचवण्यासाठी. दारव्हा मोतीबाग हे तिच्यावरचं स्टेशन. गाडी किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीची होती. लोकांनी तिला शकुंतला म्हटलं. मँचेस्टरला 1921 साली बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन 15 एप्रिल 1994 पर्यंत राबत होतं. म्हणजे जे आईवडील आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांनी औद्योगिक क्रांतीचं उरलंसुरलं इंजिन आपल्या स्टेशनात धूर सोडताना पाहिलेलं आहे. शाळेत तोच धडा शिकताना मात्र जेम्स वॅट आणि इंग्लंड एवढंच पाठ व्हायचं.

अभ्यासक्रम मुंबई-पुण्यात ठरायचा, त्याला मोतीबाग स्टेशन कुठून दिसणार! राज्याचं बोर्ड 1966 च्या 1 जानेवारीला सुरू झालं, बालभारती त्याच्या पुढच्या वर्षी. 1975 मध्ये दहा अधिक दोन अधिक तीनचा आकृतिबंध आल्यावर अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी हा मोठा उंबरठा झाला. तेव्हापासून प्रत्येक पिढीला जग थोडं थोडं वाढून मिळालं, पण ताट दरवेळी निराळं. 2013 नंतरच्या पाच वर्षांत दहावीला बसलेल्यांना इतिहासात साम्राज्यवाद, पहिलं महायुद्ध, रशियातली क्रांती, दुसरं महायुद्ध, आशिया-आफ्रिकेतले स्वातंत्र्यलढे, शीतयुद्धाचा शेवट आणि जागतिकीकरण एवढा ऐवज होता. पुस्तक सनावळीने ठासून भरलेलं होतं. तरी घाना किंवा केनिया नावाचे देश आपल्यासारखेच लढून सुटले, हे त्यात लख्ख कळायचं.

2018 च्या इतिहासाच्या पुस्तकाने हे सगळं दहावीतून काढलं. त्याजागी इतिहासलेखनाच्या परंपरा, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन, ठेव्यांचं जतन असे धडे आले. कल्पना चांगली होती, इतिहास म्हणजे काय हा प्रश्न पोरांपुढे प्रथमच आला. पण जग गेलं कुठे? ते नववीच्या राज्यशास्त्रात गेलं. महायुद्धोत्तर घडामोडी, परराष्ट्र धोरण, संयुक्त राष्ट्रे, भारत व अन्य देश, आंतरराष्ट्रीय समस्या. महायुद्धं तिथे प्रस्तावनेपुरती हजेरी लावतात. नववीला बोर्ड नाही, म्हणून नववीचं राज्यशास्त्र कोण मन लावून वाचणार? प्रबोधनापासून वसाहतवाद, महायुद्धं, निर्वसाहतीकरण आणि शीतयुद्धापर्यंतचा सलग इतिहास आता बारावीच्या, 2020 साली आलेल्या पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक कला शाखेचं. तालुक्याच्या गावात कला शाखेला कोण जातं हे सांगायला नको. सायन्सला नंबर लागला नाही ते, आणि घरातून लांब पाठवायचं नाही म्हणून बसवलेल्या मुली. जगाचा सगळ्यात नीट इतिहास त्यांच्या वाट्याला येतो, हा योगायोग मला वाईट वाटत नाही. त्याची किंमत मात्र कोणीच करत नाही.

याच काळात सरकारलाही आंतरराष्ट्रीय शिक्षणाची हौस आली. 2018 मध्ये महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ निघालं आणि पहिल्या टप्प्यात जिल्हा परिषदेच्या 13 शाळा त्याला जोडल्या गेल्या. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीचं नाव तेव्हा सगळीकडे गाजलं. मराठी शाळेतच जगाच्या तोडीचा अभ्यासक्रम द्यायचा, हा हेतू. 2020 मध्ये सरकार बदललं होतं आणि मंडळ गुंडाळलं गेलं. त्यातून दहावीची एकही बॅच बाहेर पडली नाही. प्रयोग बरा की वाईट, हे ठरवायलाही दहा वर्षं लागतात. त्याला दोन मिळाली.

ज्यांच्या खिशात पैसे आहेत त्यांना वाट पाहावी लागत नाही. जिनिव्हात 1968 साली सुरू झालेला आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रम पुण्याजवळच्या मुळशी खोऱ्यात 1997 पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजात शिकवला जातो. देशोदेशीची मुलं तिथे एकत्र राहून शिकतात. त्या अभ्यासक्रमातल्या दोन गोष्टींचा मला हेवा वाटतो. आपल्याला एखादी गोष्ट माहीत आहे म्हणजे नेमकं काय, यावर तिथे वेगळा तास असतो. आणि प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः निवडलेल्या प्रश्नावर 4000 शब्दांपर्यंतचा निबंध लिहावा लागतो. दारव्ह्याच्या एखाद्या पोरीला कोणी सांगितलं असतं की शकुंतलेवर असा निबंध लिही, तर तिने आजोबांपासून सुरुवात करून मँचेस्टरपर्यंत मजल मारली असती. तिला सांगितलं जातं, थोडक्यात टिपा लिहा.

एनसीईआरटीने 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर काढलेली ‘भारत आणि समकालीन विश्व’ ही नववी-दहावीची पुस्तकं मी अजून कौतुकाने चाळतो. फ्रान्सची क्रांती आणि नाझीवाद यांच्याच जोडीला तिथे जंगलं आणि भटके पशुपालक येतात. त्या धड्यात महाराष्ट्रातले धनगर आहेत, बंजारे आहेत, आणि त्यांच्या बाजूला आफ्रिकेतले मसाई. दारव्हा-दिग्रस भागातल्या तांड्यांतून येणाऱ्या मुलांना आपलं नाव दिल्लीच्या पुस्तकात, तेही जगाच्या इतिहासात सापडावं, आणि बालभारतीच्या पुस्तकात ती सांगड दिसू नये, याला काय म्हणावं!

ब्राझीलच्या धड्यातही अशीच एक सांगड राहून गेली. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरमसाट अनुदान देते आणि जगाचा भाव पाडते, अशी तक्रार ब्राझीलने सप्टेंबर 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत केली. पुढच्या वर्षी बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब आफ्रिकी देशांनीही तीच तक्रार मांडली. ब्राझील जिंकला. अपिलातही जिंकला. 2014 मध्ये 30 कोटी डॉलर घेऊन त्याने तडजोड केली. हा सगळा काळ यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूसवाल्यांचा सगळ्यात काळा काळ. दर ज्या बाजारात पडत होता त्याच बाजारात भांडून एका देशाने काही मिळवलं, ही गोष्ट पऱ्हाटीत वाढलेल्या पोराला दहावीत कळायला हवी होती. पुस्तकात कॉफीचे मळे आहेत, त्यांना फझेंडा म्हणतात हेही आहे. हा खटला मात्र नाही.

ज्या पोरांचा भूगोलाचा पेपर 2020 मध्ये झाला नाही, ती आता विशीत आहेत. त्यांतली काही शेती बघतात, काही पुण्याला कंपनीत लागली. 2023-24 च्या हंगामात ब्राझील अमेरिकेला मागे टाकून जगातला सगळ्यात मोठा कापूस निर्यातदार झाला. सोयाबीनमध्ये तर तो आधीच पहिला होता, आणि दारव्ह्याच्या शिवारात आज कापसाच्या जोडीला सोयाबीनच असतं. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग वर्षअखेरपर्यंत माफ केलं. लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला 8110 रुपये होता. वेचणीच्या दिवसांत बाहेरून येणाऱ्या गाठींच्या गप्पा चौकात सुरू झाल्या, तेव्हा त्या गाठी ज्या देशांतून येतात त्यांत ब्राझील आहे, हे या पोरांना कोणी सांगायची गरज नव्हती. ब्राझीलमधल्या माटो ग्रोसो या कापूस पिकवणाऱ्या राज्याचं नाव तेवढं त्यांना नव्याने शिकावं लागलं.

आता राज्याचा नवा आराखडा आला आहे, पहिलीपासून पुस्तकं बदलायला लागली आहेत. दहावीपर्यंत हा बदल पोचायला काही वर्षं जातील. तेव्हा ब्राझील ठेवायचा की काढायचा, यावर समिती बसेल. मला कोणी विचारणार नाही, पण विचारलंच तर म्हणेन, ब्राझील राहू द्या, फक्त त्याच्या शेजारी भारताचा अख्खा नकाशा मांडण्याआधी एकदा यवतमाळ जिल्ह्याचा मांडून बघा.