मधुमेही मूल आणि माहूरगडाची चढण

नवरात्रांत आमच्या नांदेड जिल्ह्यांतील माहूरगडाच्या पायऱ्या पुष्कळ कुटुंबें चढतात. घरांतील एखाद्या मुलास पहिल्या प्रकारचा मधुमेह असला कीं वडील मंडळी त्यास खालींच बसवून ठेवितात. हें आम्हांस योग्य वाटत नाहीं; मात्र उपवास घडवून चढविणें अधिक घातक.

निरोगी मनुष्य चालूं लागला म्हणजे त्याचें स्वादुपिंड इन्सुलिन आपोआप आवरतें घेतें. या मुलास टोंचलेलें इन्सुलिन मागें घेतां येत नाहीं. तशांत स्नायू साखर ओढूं लागतात आणि रक्तांतील साखर झपाट्यानें उतरते. स्वतः मधुमेही असलेल्या डॉ. लॉरेन्स यांनीं १९२६ सालींच व्यायामानें इन्सुलिनचा प्रभाव वाढतो हें दाखविलें. उलट, जोराची धांव थोडा वेळ साखर चढवितेही.

सुश्रुतानें सहज प्रमेहाच्या कृश रोग्यास पोषक अन्नपान सांगितलें, लंघन स्थूलास. (तो भेद आजच्या भेदाशीं तंतोतंत जुळतो असें नव्हे.) तेव्हां आजीबाईंनीं या मुलास उपवासाचा आग्रह करूं नये, रेणुकामाता रुष्ट होणार नाहीं.

चढण्यापूर्वीं साखर मोजावी. ९० च्या खालीं असल्यास खाऊन निघावें. २५० च्या वर असून लघवींत कीटोन आढळल्यास चढूं नये. इन्सुलिन बंद करूं नये. मात्रा किती घटवावी हें डॉक्टरांस आधींच विचारावें. घाम, थरथर, असंबद्ध बोलणें दिसतांच तीन चमचे साखर पाण्यांतून द्यावी व पंधरा मिनिटांनीं पुन्हां मोजावें. बेशुद्धाच्या तोंडांत कांहींही घालूं नये. तत्काळ दवाखाना गांठावा. चढणीचा परिणाम रात्रींही टिकतो, म्हणून निजतांना व मध्यरात्रीं एकदां साखर पाहावी.