मशागतीची अवजारे व मृदेची भौतिक स्थिती

पिकाच्या वाढीस अनुकूल अशी मृदेची घडण निर्माण करण्यासाठी जमिनीवर अवजारांनी केलेल्या यांत्रिक क्रियेस मशागत म्हणतात. तिचे फलित अवजाराचा आकार, पात्याचा कोन, चालण्याची खोली, वेग आणि मृदेतील ओलावा यांवर अवलंबून असते. नाशिक जिल्ह्यात थोड्या अंतरात मृदा बदलत असल्याने हा संबंध तेथे विशेष स्पष्ट दिसतो : पश्चिमेस इगतपुरी, पेठ, सुरगाणा या तालुक्यांत उतारावरील उथळ जमीन, तर गोदावरीच्या खोऱ्यात निफाडकडे खोल काळी जमीन आढळते.

काळ्या मृदेतील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाण्याने फुगते व सुकल्यावर आकुंचन पावते. त्यामुळे उन्हाळ्यात भेगा पडून ही जमीन काही अंशी आपोआपच मोकळी होते. दरवर्षी खोल नांगरट न करता कुळवावर भागविण्याच्या जुन्या प्रथेस हा आधार आहे. कुळवाची आडवी पास पृष्ठभागाखाली थोड्या खोलीवरून सरकते, तण कापते व माती न उलथता वरचा थर सुटा करते. या थरामुळे खालच्या ओलाव्याचे बाष्पीभवन मंदावते.

देशी लाकडी नांगराचा फाळ वर रुंद व खाली अरुंद असा चर पाडतो. दोन तासांमध्ये न फुटलेली माती राहते, म्हणून उभी-आडवी नांगरट करावी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ मध्ये बेळगाव येथे तयार केलेल्या लोखंडी नांगरासारख्या नांगरांना पंख असतो. त्यावरून मातीची वडी वर चढते, पिळली जाऊन फुटते व उलटते. हरळीसारख्या चिवट तणाचा बंदोबस्त करण्यास हे उपयुक्त ठरते. परंतु नांगर वर्षानुवर्षे एकाच खोलीवर चालल्यास तासाच्या तळाशी घट्ट थर बनतो व पाण्याचा निचरा अडतो.

पाते जमिनीशी लहान कोन करून तिरपे शिरले, तर माती उचलली जाऊन नैसर्गिक फटींवर फुटते. कोन मोठा असल्यास ती पुढे दाबली जाते व ओढही वाढते. अरुंद दात्यास खोलीची मर्यादा असते. तिच्याखाली माती वर न उचलता बाजूस दबते. ओल्या चिकणमातीत ही मर्यादा लवकर गाठली जाते. शेतकऱ्यांचा ‘वाफसा’ हा शब्द या बाबतीत शास्त्रीय परिभाषेपेक्षा कमी अचूक नाही.

ट्रॅक्टरचलित रोटाव्हेटरची फिरती पाती एकाच फेरीत कांद्याच्या वाफ्यास हवी तशी बारीक माती करतात, हेच त्याच्या लोकप्रियतेचे कारण. मात्र वारंवार वापराने मातीचे कणसमूह मोडतात, पावसानंतर पृष्ठभागावर पपडी धरते आणि ओल असताना पात्यांखालचा तळ चोपला जातो. चिकणमातीची स्थूल घनता दर घ. सेंमी.स सु. १.५ ग्रॅ.च्या आसपास गेल्यास मुळांची वाढ खुंटते.

द्राक्षबागांत प्रश्न निराळा आहे. फवारणीसाठी ट्रॅक्टर ओळींमधील ठराविक चाकोरीतून, बहुधा ओल असतानाच, पुनःपुन्हा जातो आणि दाब खोलवर पोहोचतो. तेथे कुळव वा रोटाव्हेटर निरुपयोगी ठरतो. घट्ट थराच्या खालून चालणारा तळफोड नांगर लागतो व तोही जमीन कोरडी असताना. ओल्या मृदेत तो केवळ एक चीर पाडतो आणि तिच्या बाजू लिंपून टाकतो.