एकाच पॅनलमधून वीज आणि गरम पाणी

मे महिन्यात पाचोऱ्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा गच्चीवरचे सौर पॅनल भरभरून वीज देत असेल, असे आपल्याला वाटते. पण मंडळी, पॅनलला ऊन हवे असते, उष्मा मात्र सोसत नाही. त्याची क्षमता मोजतात ती २५ अंशांना. त्यापुढे दर अंशामागे वीज साधारण ०.४ टक्क्याने घटते. आपल्याकडे वैशाखातल्या दुपारी पॅनल ७० अंशांपर्यंत तापते. म्हणजे २०० वॅटचे पॅनल १६५ वॅटच्या आसपास येते. साक्री तालुक्यात २०१३ साली उभ्या राहिलेल्या महानिर्मितीच्या मोठ्या सौर प्रकल्पालाही हा नियम चुकलेला नाही.

पडलेल्या उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत उतरतो. उरलेले बहुतेक ऊन पॅनल तापवण्यात जाते. मग पॅनलच्या पाठीला नळ्या बसवून त्यातून पाणी खेळवले तर? पाणी तापेल, पॅनल निवेल. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत मार्टिन वुल्फ यांनी १९७६ सालीच घरांसाठी अशा जोडयंत्राचा हिशेब मांडला होता.

मेख पुढेच आहे. पाणी ६० अंशांचे हवे असेल, तर पॅनल त्याहून गरमच राहणार. मग निवणार काय? ४०-४५ अंशांच्या पाण्यावर समाधान मानले, तरच दोन्ही साधते. आंघोळीला तेवढे पुरते. शंभर लिटर पाणी २५ वरून ४५ अंशांवर न्यायला सव्वादोन युनिटांहून थोडी जास्त उष्णता लागते, ती अशी फुकटात मिळते.

पण खान्देशात उन्हाळ्यात गरम पाणी मागतो कोण? नळालाच कढत येते! पाणी वापरले नाही की टाकी तापलेली राहते आणि पॅनलही. नेमके निववायची गरज असते तेव्हाच. थंडीत पाणी हवे असते, तर पॅनल मुळातच कमी तापलेले. म्हणून गच्चीवर जागा असेल, तर घरासाठी पॅनल वेगळे आणि साधा सोलर बंब वेगळा, हेच मला बरे वाटते.

वसतिगृह, रुग्णालय, दूध डेअरी यांचे गणित निराळे. तिथे पाणी बारमाही लागते आणि छत अपुरे पडते. डेअरीला कढत पाणी हवे असले, तरी बॉयलरमध्ये आधीच कोमट झालेले पाणी सोडले की इंधन वाचते. बोअरचे पाणी क्षाराचे असेल, तर मात्र ते थेट नळ्यांत सोडू नये. नळ्यांत खडा धरतो आणि वर्ष-दोन वर्षांत पाणी तापणेही मंदावते, पॅनल निवणेही.