काचेमागचे वाद्य बोलावे कसे?

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार आहे. वाघ पाहण्यासाठी देशभरातून पर्यटक तेथे येतात. त्यांच्या सहलीत या मैकल पर्वतराजीतील गोंड, परधान आणि बैगा समाजांच्या संगीताला मात्र फारसे स्थान नसते.

परधान हे गोंडांचे परंपरागत गाथागायक. गजाने वाजवला जाणारा त्यांचा तीनतारी ‘बाना’ हे केवळ वाद्य नव्हे; त्यात बडादेवाचा वास असतो, अशी श्रद्धा आहे. असे वाद्य काचेच्या कपाटात ठेवले, की नावाची पाटी तेवढी उरते. नाद आणि श्रद्धा दोन्ही हरपतात.

छापील ग्रंथांचीही हीच मर्यादा आहे. व्हेरियर एल्विन आणि त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे यांनी १९४४ साली मैकल टेकड्यांतील लोकगीतांचा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध केला. गीतांचा आशय त्यामुळे जपला गेला. पण गाणाऱ्याचा गळा कागद ऐकवू शकत नाही.

येथेच परस्परसंवादी तंत्रज्ञान उपयोगी पडते. अमेरिकेतील फिनिक्स येथे २०१० मध्ये सुरू झालेल्या वाद्य संग्रहालयात प्रेक्षक एखाद्या दालनाजवळ जाताच त्याच्या हेडफोनमध्ये तेथील संगीत आपोआप सुरू होते. बंगळुरूच्या ‘इंडियन म्युझिक एक्सपिरिअन्स’ या २०१९ मध्ये खुल्या झालेल्या संग्रहालयात प्रेक्षकांना स्वतः वाजवता येईल असे नाद-उद्यान आहे.

बालाघाटसारख्या ठिकाणी एवढ्या खर्चाची गरज नाही. बान्याजवळ एक हेडफोन, मोबाइलवर ध्वनिचित्रफीत उघडणारा क्यूआर कोड आणि मांदरच्या तालावर हात आजमावण्यासाठी एक खरे वाद्य पुरेसे आहे. मात्र कोणते गीत सर्वांसमोर ऐकवावे आणि कोणते केवळ देवकार्यासाठी राखावे, हे त्या समाजानेच ठरवायला हवे. ध्वनिमुद्रणासोबत कलावंताचे नाव झळकावे आणि त्याला मानधनही मिळावे.

गोव्यालाही हा विषय परका नाही. २०१९ मध्ये घुमट हे राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित झाले. घोरपडीला कायद्याचे संरक्षण असल्याने आता त्यावर बकरीचे कातडे चढवले जाते. कातडे बदलले की नादही बदलतो. हा फरक पाटीवरील मजकुरातून समजत नाही. तो कानांनीच ऐकावा लागतो. यंत्र तो ऐकवू शकेल, पण घुमटावर थाप कशी मारावी हे शिकवायला वादकच लागेल. म्हणून संग्रहालयाच्या अंदाजपत्रकात पडद्याइतकीच वादकाचीही तरतूद असावी.