एक मायक्रोफोन, अनेक प्रीॲम्प : घरगुती ध्वनिमुद्रणातील तुलनेचा प्रश्न

ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकाला आज घरातील एखादी शांत खोलीही ध्वनिमुद्रणासाठी पुरेशी होते. अशा खोलीत कालांतराने दोन-तीन प्रीॲम्प, म्हणजे मायक्रोफोनचे पूर्वविवर्धक, जमा होतात. आणि त्यांपैकी कधी हा तर कधी तो जोडण्याची सोय असावी, असे साहजिकच वाटू लागते. ही सोय कशी करावी आणि तिच्यामुळे आपल्या पुराव्यास कोणता धोका संभवतो, याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत् संकेत अत्यंत क्षीण, बहुधा काही मिलिव्होल्टांचाच असतो. प्रीॲम्प त्यास ४० ते ६० डेसिबल, म्हणजे शंभर ते हजार पट, वाढवितो. साखळीतील ही पहिलीच कडी असल्यामुळे येथे शिरलेला दोष पुढील प्रत्येक कडीत वाढतच जातो. शिवाय प्रीॲम्प हा मायक्रोफोनवरील भारही असतो. मायक्रोफोनचा संरोध सामान्यतः १५० ते २०० ओहम, तर प्रीॲम्पचा त्याच्या दहापट किंवा अधिक असतो. हे प्रमाण बदलले की काही मायक्रोफोनांचा, विशेषतः डायनॅमिक व रिबन जातींच्या मायक्रोफोनांचा, प्रतिसादही किंचित बदलतो.

एका प्रीॲम्पवरून दुसऱ्यावर जाण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे तार हाताने काढून दुसरीकडे लावणे. त्याऐवजी निवडीचा स्विच बसविता येतो. मात्र त्याने संकेताच्या दोन्ही तारा एकदम तोडल्या व जोडल्या पाहिजेत. मार्ग कोणताही असो, क्रम एकच : प्रथम श्रवणाचे ध्वनिवर्धक बंद करावे, मग विवर्धन शून्यावर आणावे, मग कंडेन्सर मायक्रोफोनास लागणारा ४८ व्होल्टांचा फँटम पुरवठा बंद करून थोडे थांबावे, आणि त्यानंतरच जोडणी बदलावी. अन्यथा मोठा धक्का ऐकू येतो. रिबन मायक्रोफोनाच्या बाबतीत तर चालू पुरवठ्यावर जोडणी बदलताना दोन तारांचे स्पर्श क्षणभर मागेपुढे झाले, तरी नाजूक फीत ताणली जाण्याचा संभव असतो.

परंतु दोन प्रीॲम्पांची तुलना करावयाची असेल, तर केवळ स्विच पुरेसा नाही. कोणताही वक्ता एकच शब्द दोनदा तंतोतंत सारखा उच्चारीत नाही. तेव्हा पहिला उच्चार एका प्रीॲम्पने आणि दुसरा दुसऱ्याने मुद्रित केल्यास ऐकू येणारा भेद यंत्राचा की वक्त्याचा, हे सांगता येत नाही. येथे रोहित्रयुक्त विभाजक वापरावा. एकच उच्चार त्यातून दोन्ही प्रीॲम्पांकडे जातो, आणि फँटम पुरवठा सरळ जोडलेल्या एकाच प्रीॲम्पकडून येतो. रोहित्र हा पुरवठा अडविते, भार मात्र अडवीत नाही. दोन्ही प्रीॲम्पांचा संरोध २,००० ओहम असल्यास मायक्रोफोनास तो १,००० ओहमच भासतो. रोहित्राचाही काही प्रभाव असतोच. म्हणून दोन्ही प्रीॲम्पांच्या जागा अदलाबदल करून प्रयोग पुन्हा करावा.

दुसरी अट पातळीची. दोन आवाजांपैकी किंचित मोठा असलेला आवाज कानास अधिक स्पष्ट व अधिक चांगला वाटतो. म्हणून १,००० हर्ट्झचा स्वर दोन्हींतून पाठवून त्यांच्या पातळ्या ०.१ डेसिबलपर्यंत जुळवाव्यात, आणि मगच मत बनवावे.

या काटेकोरपणाची आवश्यकता प्रस्तुत लेखकास स्वतःच्या चुकीतून उमगली. ‘म्हण’, ‘म्हैस’, ‘न्हाणी’ यांसारख्या शब्दांतील श्वासयुक्त घोषत्व मोजताना वृद्ध पुरुष वक्ते एका प्रीॲम्पवर आणि तरुण पुरुष वक्ते दुसऱ्यावर मुद्रित झाले होते. या घोषत्वाचे एक गमक म्हणजे पहिल्या व दुसऱ्या प्रसंवादींच्या पातळ्यांतील अंतर. ते तरुणांत दीड डेसिबलच्या आसपास कमी भरले, आणि नव्या पिढीत हे घोषत्व क्षीण होत आहे, असा निष्कर्ष कागदावर उतरला. पुढे दोन्ही प्रीॲम्पांतून एकच स्वर पाठविला, तेव्हा दुसऱ्यावरील ८० हर्ट्झखालील ध्वनी गाळणारी कळ दाबलेली राहिली होती, असे आढळले. अशी द्वितीय श्रेणीची गाळणी १०० हर्ट्झवरील पहिला प्रसंवादी सुमारे दीड डेसिबलने उतरविते, पण २०० हर्ट्झवरील दुसऱ्यास जवळजवळ स्पर्शही करीत नाही. म्हणजे जो भेद पिढ्यांचा म्हणून नोंदविला, तो एका कळीचा होता. तो निष्कर्ष अर्थातच मागे घ्यावा लागला.

तात्पर्य, प्रीॲम्पांची अदलाबदल ही निवडीच्या काळात करावयाची गोष्ट आहे. संशोधनाच्या काळात नव्हे. एकदा मुद्रणास आरंभ झाला की सर्व वक्त्यांसाठी एकच प्रीॲम्प ठेवावा, आणि विवर्धनाचा आकडा, गाळणीची स्थिती व फँटम पुरवठा यांची नोंद प्रत्येक मुद्रणाबरोबर वहीत करावी. बदल अपरिहार्यच झाला, तर प्रत्येक वक्तृगटातील काही वक्ते दोन्ही प्रीॲम्पांवर मुद्रित करावेत, म्हणजे यंत्राचा वाटा वेगळा काढता येईल. वक्त्याची वये, गाव आणि शिक्षण आपण नोंदवितोच. ज्या यंत्रातून त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचला, त्याची नोंदही तितक्याच निष्ठेने व्हावयास हवी.