जास्वंदीला बी का धरत नाही?

मे महिन्यात चिंचणी-तारापूरच्या वाड्यांत दुपारचं बाहेर पडवत नाही. खारा, दमट वारा आणि नुसत्या घामाच्या धारा. त्यात कुंपणावरची जास्वंद मात्र लालभडक फुललेली. बोईसरच्या कॉलनीतून सुट्टीला आलेली नातवंडं मग विचारणारच, "आजोबा, हिला ऊन लागत नाही?"

लागतं तर! पण मुळाशी ओल असली की पानं बारीक छिद्रांतून वाफ सोडतात आणि गार राहतात. पाणी तुटलं की कळ्या न उमलताच गळायला लागतात. आजी सकाळी उठून आळं भरते ती उगीच नाही.

आता हे फूल हातात घ्या. हळू! मधली लांब नळी दिसते ना, ती सगळ्या पुंकेसरांचे दांडे एकमेकांना जुळून झाली आहे. तिच्या अंगावर हे पिवळे पराग. आणि नळीच्या आतून वर डोकावणारी पाच लाल मखमली बोंडं, ती स्त्रीकेसराची. परसातल्या भेंडीचं फूल शेजारी धरा. तिथेही नळी आहेच. भेंडी, कापूस, जास्वंद ही एकाच कुळातली भावंडं.

मध असतो अगदी तळाशी. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही, पक्ष्यांना दिसतो. तो बघा, आला शिंजीर! पण लबाड आहे. बुडाशी बाहेरून चोच खुपसतो आणि परागाला न शिवता मध पिऊन पसार होतो.

"म्हणून हिला बी धरत नाही?"

तेवढ्यानेच नाही. आपल्याकडच्या बहुतेक जास्वंदींच्या पेशींत गुणसूत्रांचे संच वाजवीपेक्षा जास्त असतात. पराग तयार होताना त्यांची वाटणी फसते, मग बी क्वचितच धरतं. भेंडीचं फूल गळलं की मागे कोवळी भेंडी राहते. जास्वंदीचं फूल मात्र सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटून गुंडाळतं आणि देठासकट पडतं. देठावरचा हा बारीक सांधा बघा, इथूनच ते सुटतं.

बी नाही, तरी ही जगभर पोचली! वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ साली तिला शास्त्रीय नाव दिलं, त्यात तिला चीनचा गुलाब म्हटलं. रानात आपोआप वाढलेली मूळ जास्वंद मात्र शास्त्रज्ञांना खात्रीने सापडलेली नाही. मलायाने, म्हणजे आजच्या मलेशियाने, १९६० साली तिला राष्ट्रीय फूल केलं, पण तिथेही ती बाहेरूनच आलेली. तिला फिरवलं माणसाने, फांदी तोडून देऊन. आपल्याकडे तर गणपतीला लाल फूल हवं, म्हणून ती दारोदार आली.

आणि खरी गंमत पुढेच आहे. फांदीच्या कापल्या टोकाशी असलेल्या पेशी आपलं जुनं काम सोडून मुळं घडवतात. म्हणजे आजीने माहेराहून आणलेली ही जास्वंद त्या झाडाची लेक नव्हे. माहेरचं तेच झाड इथे दुसऱ्या जागी उभं आहे!

मृगाचा पाऊस पडला की वीतभर जून फांदी तिरकी कापा, खालची पानं काढा, दोन डोळे मातीत जातील अशी खोचा आणि बोईसरच्या गॅलरीत सावलीत ठेवा. उद्या शेजारच्या काकूंनी फांदी मागितली तर नाही म्हणायचं नाही. जास्वंदीचा वंश मागणाऱ्यांवर आणि देणाऱ्यांवरच चालतो.